धुऱ्यावरची नागफणी

नागफणीला फूल येतं असं मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकांवरून हमखास हसू यायचं. काटेरी झुडपाला कसलं फूल, असा सगळ्यांचा समज. मग मी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणी काढून टेबलावर ठेवायची. तळहाताएवढी, हिरवी, गुबगुबीत, आणि वरच्या कडेला ओळीनं चार-पाच पिवळीजर्द फुलं. मागच्या बाकांवरची पोरं उठून टेबलाभोवती जमायची. चिखलीच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. पुष्कळ तास फसले, पण नागफणीचा तास एकदाही फसला नाही.

फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा दाट झुबका असतो. काडीनं नुसता स्पर्श केला की ते केसर हळूहळू आतल्या बाजूला वळतात. मधमाशी येऊन बसली की तिच्या अंगाला परागकण चोपडले जावेत म्हणून ही सोय. हे फूल सकाळी नऊ-दहाला उमलतं, दुसऱ्या दिवशी पिवळ्याचं केशरी होतं आणि तिथंच त्याचा कारभार आटोपतो. आपण ज्याला पान समजतो ते पान नाहीच, ते खोड. खरी पानं कोवळ्या फणीवर तांदळाएवढी येतात आणि लगेच गळतात. दिवसभर हे झाड तोंड मिटून बसतं आणि रात्री गारव्याला श्वास घेतं, म्हणजे अंगातलं पाणी उडून जात नाही. हे सगळं मी तोंडपाठ सांगायची. मोठ्या काट्यांना भिऊ नका, ते दिसतात तरी, असंही सांगायची. भ्यायचं ते कुसळांना. फणीवर जागोजागी ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यावर केसांहून बारीक पिवळट कुसळांचा पुंजका. बोट नुसतं घासलं तरी दहा-वीस आत घुसतात, दिसत नाहीत आणि आठ-आठ दिवस खुपत राहतात. म्हणून हात न लावता बघा, असं मी प्रत्येक तुकडीला बजावलं. पोरांना ती सवय लागली की नाही कोण जाणे, मला मात्र लागली. त्याचं पुढं काय झालं तेच आज लिहायला बसले आहे.

ती फणी मी आणायची माझ्या वहिनींच्या धुऱ्यावरून. आमच्याकडे वावराच्या बांधाला धुरा म्हणतात. चिखलीहून जीपनं अर्धा तास, पुढं पायी, आणि गावाच्या अगदी शेवटाला, जंगलखात्याच्या हद्दीला लागून, माझ्या माहेरचं वावर. एका बाजूला उभ्या दरडीचा नाला आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना नागफणी. पुरुषभर उंच आणि बैलगाडीएवढी रुंद. सुरुवात माझ्या आईनं केलेली, पण ती वाढवली वहिनींनी. लग्न होऊन आल्या तेव्हा आईनं त्यांना पहिल्याच आठवड्यात धुऱ्यावर नेलं आणि दोन काड्यांचा चिमटा हातात दिला. गळून पडलेली फणी त्या चिमट्यात धरायची आणि कुंपणाला फट दिसेल तिथं नेऊन खोचायची. खड्डा नाही, पाणी नाही, खत नाही. फणी कशीही पडली, उलटी पडली, तरी मातीला जिथं टेकते तिथं मुळं फोडते. आमच्या घरात सुनेला सगळ्यात आधी हे काम शिकवत, स्वयंपाक नंतर.

माझा भाऊ काविळीनं गेला तेव्हा वहिनींचा मुलगा आठवीत होता. वहिनींनी वावर एकटीनं केलं. वावरातच दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे टाकले आणि गावातलं घर सोडून तिथंच राहिल्या. पुढं मुलगा चाकणच्या एका कारखान्यात लागला आणि आईला चल म्हणू लागला. वहिनींचं उत्तर ठरलेलं. मी इथंच बरी, इथूनच जाईन. त्यांना दुसरं काही नको होतं. दागिना नाही, तीर्थयात्रा नाही. त्या वावरात राहायचं आणि तिथंच डोळे मिटायचे, एवढीच त्या बाईची मागणी होती, आणि ती पुरवायची ताकद फक्त त्या कुंपणात होती.

याचं कारण रोही. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. दहा-बारांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर साफ करतो, आणि रोही नाही आले तर रानडुकरं आहेतच. गावातले बाप्ये थंडीभर वावरात जागलीला जात, डबे वाजवत, फटाके फोडत. वहिनी दाराला कडी लावून निवांत झोपत. पोरं डांग्या खोकल्यानं बेजार झाली की बायका नागफणीची पिकलेली लाल बोंडं मागायला त्यांच्याकडेच येत. बोंडं विस्तवावर धरून कुसळं जाळायची आणि गर काढून द्यायचा. कुणाला गळू झालं की फणी भाजून, चिरून, गरम गरम बांधायची. आम्ही लहानपणी ती बोंडं चोरून खायचो. तोंड लालभडक व्हायचं, जिभेत कुसळं राहायची आणि वर आईच्या हातचा धपाटा मिळायचा तो वेगळा.

मग कपाशीचं, म्हणजे आमच्या पऱ्हाटीचं, बीटी बियाणं आलं. पाकिटातलं. त्याच्या बोंडाला अळी लागत नाही असं सांगितलेलं होतं आणि पहिली काही वर्षं ते खरंही ठरलं. गावात मोटारसायकली दिसू लागल्या. जमिनीचा कण न् कण पऱ्हाटीखाली यावा म्हणून लोकांनी धुरे नांगरले, बोरी-बाभळी तोडल्या, होतं नव्हतं ते कुंपण काढून आणखी दोन तासं, म्हणजे दोन ओळी, पेरली. वहिनींनाही सगळ्यांनी तेच सांगितलं. नागफणीनं किती जागा अडवली आहे ते पावलांनी मोजून दाखवलं. वहिनी हसून म्हणायच्या की माझी झोप तेवढ्याच जागेत मावते. लोकांनी त्यांना जुन्या काळातली म्हणून सोडून दिलं.

बीटीला चार-पाच वर्षं झाली असतील. त्या वर्षी पावसानं आषाढातच ताण दिला आणि श्रावण कोरडा काढला. पऱ्हाटीवर एक नवीनच कीड आली. बोंडाला नाही, शेंड्याला. पीठ भुरभुरावं तसा पांढरा थर, खाली चिकट रस, त्यावर काळी बुरशी. शेंडे मुरडायचे आणि झाड जागच्या जागी बसायचं. फवारा मारला तर त्या मेणचट पांढऱ्यावरून औषध ओघळून खाली. कृषी सहायक आला आणि पिठ्या ढेकूण असं नाव सांगून गेला. धुऱ्यावरचं गाजरगवत उपटा, किडीचं झाड दिसेल ते जाळा, ही कीड शंभर झाडांवर जगते, असंही सांगून गेला. त्यात चूक काही नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. गावाला त्या दिवसांत जे जे पांढरं ते ते वैरी दिसू लागलं. कुणाच्या दारात माणसं जमलेली दिसली की लग्न की मयत, हे आधी चौकशी करून मगच पुढं व्हायचे दिवस होते ते.

आणि नेमकी त्याच वेळी वहिनींच्या नागफणीवर पांढरी बुरबुर दिसली. फण्यांवर कापसाचे लहान लहान गोळे चिकटवल्यासारखी. पाच-सहा दिवसांत एका बाजूचं निम्मं कुंपण पांढरं झालं.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. वहिनींचा निरोप आला की रविवारी येऊन जा, आणि तुमचं ते भिंग आणा. मी गेले. त्याच दिवशी संध्याकाळी मलकापूरला एका साखरपुड्याला पोचायचं होतं, म्हणून नवी कडक साडी नेसून, दुपारची एसटी डोक्यात ठेवूनच गेले. पाहते तो धुऱ्यावर दहा-बारा माणसं. सगळ्यांची वावरं आसपासची. लगतच्या वावराचे मालक पुढं झाले. माणूस भांडखोर नव्हता, उलट वहिनींना अडीअडचणीला मदत करणारा. पण तीन आठवडे रोज फवारणी करून त्याचे डोळे लाल झाले होते.

“मॅडम, तुमच्या धुऱ्यावरूनच आमच्या पऱ्हाटीत कीड येऊन राह्यली,” ते म्हणाले. “कुपाटीच वावर खाऊन राह्यली म्हना ना.”

बाकीच्यांचंही तेच. ही नागफणी काढा, नाहीतर आम्ही काढतो. वहिनी चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “माह्या नणंदेले विचारा. त्या सायन्सच्या हायेत. त्या सांगतीन ते खरं.”

आज कळतं की त्यांनी मला वकील म्हणून बोलावलं होतं. माझी नणंद बघेल, काय ते ओळखेल आणि माझं कुंपण वाचवेल, एवढ्या भरवशानं त्यांनी तो सगळा गाव धुऱ्यावर जमू दिला होता. मी मात्र न्यायाधीश होऊन बसले. घरचं आहे म्हणून बाई बाजू घेते असं कुणी म्हणू नये, याचीच मला जास्त काळजी. मी पर्समधून शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग काढलं. साडीचा पदर आवरला, कारण कुसळं पदराला लागली की निघत नाहीत. आणि वीतभर अंतरावरून, हात न लावता, वाकून पाहिलं. पांढरं मेणचट आवरण, आत बारीक जीव, थव्यानं. शेजारच्या पऱ्हाटीचा शेंडा एकानं तोडून आणलाच होता, तोही पाहिला. तेही पांढरं, हेही पांढरं.

वहिनी माझ्या मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “ताई, जरा हातानं चोळून तं पाहा.”

माझा स्वभाव तापट आहे. शाळेत माझ्या छडीपेक्षा माझ्या तोंडाला पोरं जास्त भीत. चार माणसांत कुणी मला कसं बघायचं ते शिकवावं हे मला खपलं नाही. मी मागं न बघताच म्हणाले, “वहिनी, तुम्हाले काय समजते त्यातलं?”

मी सरळ उभी राहिले आणि सांगून टाकलं, पिठ्या ढेकूणच आहे, एकच कीड, कुंपण काढावं लागेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग नागफणीकडे पाहिलं आणि लोकांना म्हणाल्या की ताई म्हणतात तर काढा. मला एसटी मिळाली. मलकापूरचा साखरपुडा छान झाला.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मी तिथं नव्हते. वहिनींनीच नंतर सांगितलं, तेही विचारल्यावर. चाळीस-पन्नास वर्षांचं कुंपण एका दिवसात उपटून निघालं. एकही फणी मागं राहता कामा नये, नाहीतर पुन्हा उगवेल, म्हणून लोकांनी पोत्यांत हात गुंडाळून सगळ्या वेचल्या. वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या सरणावर ढीग रचून डिझेल टाकून पेटवलं. पण नागफणीच्या अंगात पाणी फार. ती जळेना. तीन दिवस नुसती शिजत आणि धुमसत राहिली. उरलेली खड्डा खणून पुरली. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि सलग आठवडाभर कोसळला.

पऱ्हाटीवरची कीड त्या पावसानं थोडी आटोक्यात आली. ज्यांची गेली ती पावसानं गेली, ज्यांची राहिली ती राहिली, कुंपण काढल्यानं कुणाचं एक झाड वाचलं असं दिसलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. पण हे बोलायला त्या वेळी मी तयार नव्हते. मी उलट चिखलीत दोघा-तिघांना ऐटीत सांगितलं होतं की गावात एक प्रकरण मी मार्गी लावून आले.

कार्तिकात रोही आले. पहिल्या रात्री कोपऱ्यातून आले, दुसऱ्या रात्रीपासून कुठूनही. वहिनींचा हरभरा हातभर उंच झाला होता. सकाळी उठून पाहिलं तर वावरात खुरांचे ठसे आणि खुंट. लगतच्या वावराच्या मालकालाही तेव्हाच कळलं की त्यांची एक बाजूसुद्धा इतकी वर्षं याच नागफणीनं राखली होती. ते बिचारे खाली मान घालून आले आणि वहिनींना काट्यांची कुपाटी घालून देऊ म्हणाले. घातलीही. रोह्यांनी ती आठवड्यात तुडवली.

मग वहिनींनी साड्या लावल्या. खेड्यापाड्यांत हल्ली तुम्हाला वावरांभोवती रंगीत साड्या बांधलेल्या दिसतील. जनावर रंगाला बुजतं म्हणे. वहिनींनी ट्रंक उघडली आणि सधवेपणीच्या साड्या काढल्या. लाल, हिरव्या, जरीकाठाच्या, भाऊ गेल्यापासून घडीसुद्धा न मोडलेल्या. बांबू रोवून त्या सगळ्या वावराभोवती ताणल्या. मी गेले तेव्हा माझ्याच लग्नात त्या नेसल्या होत्या ती मोरपंखी साडी नाल्याकडच्या कोपऱ्यावर फडफडत होती, आणि तिच्यातून रोही आरपार गेल्याचं भोक मला धुऱ्यावरून दिसलं. बैल गेला आणि झोपा केला.

दोन हिवाळे वहिनी जागलीला बसल्या. साठीला आलेली बाई, हातात डबा आणि काठी. दुसऱ्या हिवाळ्यात डुकरानं धडक दिली आणि मांडीचं हाड मोडलं. मुलगा आला, दवाखाना केला, आणि मग त्यानं आईला विचारलं नाही, सांगितलं. अक्षय्यतृतीया झाली की गाडी घेऊन येतो, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कुणाला कसायला देऊ, तू चल. पोरगं तरी काय चुकत होतं?

त्याच चैत्रात परीक्षेच्या कामासाठी माझी लोणारकडे बीबी गावाला नेमणूक झाली होती. परतताना तिथल्या रस्त्याकडेला नागफणीचं एक जुनं बेट दिसलं. फुललेलं. मी एसटी सोडली. एका हॉटेलवाल्याकडून रिकामं पोतं आणि दोन चिमटे मागून घेतले आणि भर उन्हात फण्या तोडून पोतं भरलं. पुढच्या गाडीचा कंडक्टर माझ्याकडे आणि पोत्यातून बाहेर आलेल्या काट्यांकडे बघत राहिला. मी त्याला माझ्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की पोत्याचंही तिकीट फाडा. त्यानं मुकाट्यानं फाडलं. माझ्या डोक्यात सगळा हिशोब जमला होता. पावसाळ्यापूर्वी फण्या खोचायच्या, पाच-सहा वर्षांत कुंपण उभं राहील, तोवर मी सुट्टीसुट्टीला येऊन राहीन, मुलाची समजूत मी घालीन. चूक केली ती निस्तरायची एवढंच ठरवलं होतं. चूक नेमकी केवढी होती ते मात्र अजून ठाऊक नव्हतं.

वहिनी पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसल्या होत्या. सामान बांधून झालं होतं. चार दिवसांनी गाडी येणार होती. मी पोतं त्यांच्यापुढं ओतलं. त्या हसल्या, खूप दिवसांनी. एक फणी काडीनं उलटी केली आणि थांबल्या. खालच्या अंगाला पांढरी बुरबुर होती. मी म्हणाले, अगंबाई, हीच ती कीड, टाका ती बाजूला.

वहिनींनी टाकली नाही. उघड्या अंगठ्यानं तो पांढरा गोळा सरळ फणीवर चिरडला आणि अंगठा माझ्यापुढं धरला.

अंगठा लाल झाला होता. नुसता लाल नाही, कुंकू ओलं करून लावावं तसा गडद. कॉलेजातलं दुसऱ्या वर्षाचं पुस्तक, उजव्या हाताचं पान, सगळं डोळ्यांपुढं आलं. नागफणीवरचा किडा. अंगात लाल रंग. फक्त नागफणीवर जगतो, दुसऱ्या कोणत्याही पिकाला तोंड लावत नाही. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुण पडले होते. पऱ्हाटीवरचा पिठ्या ढेकूण चिरडला तर पिवळट पाणी निघतं. दोन्हींतला फरक ओळखायला भिंग लागत नाही, अंगठा लागतो.

वहिनी सांगत होत्या की माहेरी लहानपणी त्या मैत्रिणींबरोबर याच्याच टिकल्या लावायच्या. दोन-चार वर्षांनी कोरडं पडलं की हा किडा येतो, दणक्याचा पाऊस झाला की धुऊन जातो, नागफणी पुन्हा फुटते. त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा तरी आला आणि गेला होता. म्हणजे त्या दिवशी आम्ही फक्त चार दिवस थांबायला हवं होतं.

मी कसंबसं विचारलं, “तुम्हाले हे तवाच ठाऊक होतं?”

“हाव.”

“मंग बोलल्या काऊन नाही?”

“बोलली तं होती,” त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. “तुम्ही चार मानसांत बोलून बसल्या होत्या, ताई. भिंगातून पाहून बोलल्या. मी अंगठाछाप बाई, तुमचा शब्द खाली कशी पाडू? गावात तुमची काय राहिली असती?”

मला रडू आलं नाही. मला त्यांचा राग आला. आजही येतो. माझ्या शब्दाची एवढी किंमत त्या बाईनं का करावी? एक शब्द बोलल्या असत्या तर मी चिडले असते, दोन महिने अबोला धरला असता, आणि कुंपण उभं राहिलं असतं. पण एक शब्द त्या बोलल्या होत्या, आणि त्याला मी काय उत्तर दिलं होतं तेही माझ्या लक्षात होतं. म्हणून राग मनातच ठेवला आणि म्हणाले, चला, उठा, आत्ताच्या आत्ता फण्या लावू.

त्यांनी अंगठा पदराला पुसला. आता नका लावू, म्हणाल्या. राखणारं कोण आहे? बटईवाला आला की पहिल्यांदा तोच उपटून टाकेल. वहिनींचं खरं होतं. मी पोतं पुन्हा भरलं आणि धुऱ्यावरच्या लिंबाखाली नेऊन ठेवलं. परत न्यायचं कुठं? चार दिवसांनी गाडी आली. वहिनी गाडीत बसताना मागं वळून बघतील असं वाटलं होतं. त्यांनी खिडकीची काच कशी खाली करायची ते मुलाला विचारलं आणि ती खाली करेपर्यंत गाडी नाल्यापलीकडे गेली होती.

नंतर मी गावात जाऊन लगतच्या मालकांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आता काय त्याचं मॅडम, जाऊ द्या, म्हणाले. त्यांनी स्वतःचं वावर पुढच्या वर्षी पडीक टाकलं. आमच्या बटईवाल्यानं दोन हंगाम काढले आणि तोही रोह्यांना कंटाळून सोडून गेला. पत्र्याच्या खोल्यांचे पत्रे कुणीतरी नेले.

पोतं तिथंच होतं. ते कुजलं आणि फण्यांनी, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, होत्या तिथंच मुळं फोडली. आज लिंबाखाली नागफणीचा एक गोल ढीग उभा आहे, माझ्या डोक्याइतका उंच. चैत्रात त्याला शेकड्यानं फुलं येतात. कुणी पाहिलं तर म्हणेल, पाहा, निसर्ग कसा हार मानत नाही. असं बोलणाऱ्याच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. ते कुंपणाचं झाड आहे आणि त्याच्या आत काही नाही. एका बाजूला पडीक, दुसऱ्या बाजूला पडीक, आणि रोही त्याला वळसा घालून निवांत पाणी प्यायला नाल्यावर जातात.

वहिनी आता सत्तरीच्या पुढं आहेत. चाकणला तिसऱ्या मजल्यावर राहतात. पायामुळे खाली उतरत नाहीत. सून चांगली आहे, नातवंडं मायाळू आहेत, तक्रार त्या करत नाहीत. दर पाडव्याला त्यांचा फोन येतो. माझी तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात. लिंबाखाली पोतं ठेवलं होतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि माती टेकल्यावर नागफणी काय करते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. या पाडव्याला सकाळीच मी वावरात जाऊन आले होते. ढीग पिवळा झाला होता, माश्या घोंगावत होत्या. घरी येते तोच फोन वाजला. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, ताई, ते नागफणी फुलली काय?

हो म्हटलं असतं तर त्या येऊ म्हणाल्या असत्या. मला न्या, एकदा बघते, चार दिवस राहते, असं म्हणाल्या असत्या. आणि तिथं डोक्यावर पत्रा नाही, वावरात तास नाही, बसायला खाट टाकावी अशी जागा नाही. मी म्हणाले, नाही वहिनी, त्या फण्या तेव्हाच वाळून गेल्या, आता काही नाही तिथं.

पलीकडे त्यांनी नातवाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं.

“तुम्ही म्हणता तं नसन फुलली,” वहिनी म्हणाल्या.